एबॅपच्या इंटर्नल टेबलमध्ये ओळ टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना एबॅप, म्हणजे सॅप या सॉफ्टवेअरची प्रोग्रामिंग भाषा, शिकवताना तेच तेच प्रश्न येतात. चहाच्या टपरीवर, कॅबमध्ये, रात्री साडेअकराला फोनवरही. शेवटी एकदा सगळं लिहून काढलं.

एक सूचना आधीच देतो. कोड इथे देवनागरीत लिहिलाय, म्हणजे आपण तो फोनवर एकमेकांना जसा सांगतो तसा. एडिटरमध्ये अर्थातच तो रोमन अक्षरांत टाइप करायचा. ‘एलटी’ म्हणजे टेबल आणि ‘एलएस’ म्हणजे एका ओळीची वर्क एरिया, हा आपला नेहमीचा रिवाज इथेही पाळलाय.

इंटर्नल टेबलमध्ये ओळ टाकली म्हणजे ती सेव्ह झाली का?

नाही. इंटर्नल टेबल प्रोग्राम चालू असेपर्यंत मेमरीत राहतं. प्रोग्राम संपला की तेही संपलं. घोटाळा होतो तो शब्दामुळे. ‘इन्सर्ट’ हा एकच शब्द एबॅपमध्ये दोन्हीकडे वापरतात. ‘इन्सर्ट एलएस_बिल इन्टू टेबल एलटी_बिल’ हे मेमरीतलं काम, तर ‘इन्सर्ट झेडबिल फ्रॉम टेबल एलटी_बिल’ हे डेटाबेसमधलं. दुसऱ्या प्रकारात एक जरी की (ओळीची ओळख ठरवणारी फील्ड) आधीपासून डेटाबेसमध्ये असेल तर डंप पडतो, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडतो. तो नको असेल तर ‘अ‍ॅक्सेप्टिंग डुप्लिकेट कीज’ जोडावं लागतं आणि मग सबआरसी (आधीचं वाक्य यशस्वी झालं का हे सांगणारा आकडा) तपासावा लागतो.

मग अपेंड आणि इन्सर्ट यांत फरक काय? दोन्हींनी ओळ शेवटीच जाते ना?

स्टँडर्ड टेबल असेल तर हो, म्हणूनच हा गैरसमज वर्षानुवर्षं टिकून राहतो. खरा फरक टेबलच्या जातीवर ठरतो.

स्टँडर्ड टेबल म्हणजे एसटी स्टँडवरची रांग. आलेला माणूस शेवटी उभा राहतो, त्याचं नाव काय हे कोणी विचारत नाही. एकाच नावाचे दहा जण आले तरी चालतात, कारण स्टँडर्ड टेबलची की कधीच युनिक नसते.

सॉर्टेड टेबल म्हणजे शाळेच्या प्रार्थनेची रांग, उंचीप्रमाणे. नवा मुलगा आला की त्याची जागा शोधून त्याला मध्ये घुसवायचं. इथे की युनिक ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवता. नॉन-युनिक ठेवली आणि त्याच कीची ओळ पुन्हा आली, तर नवी ओळ जुनीच्या आधी बसते. हे बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. ‘पहिली आलेली ओळ पहिली मिळेल’ असं धरून चालणारा कोड इथे गुपचूप चुकतो.

हॅश्ड टेबल म्हणजे देवळाबाहेरचा चप्पल स्टँड. बिल्ला दाखवला की चप्पल थेट हातात. किती जोड आहेत त्याने शोधायचा वेळ बदलत नाही. पण ‘तिसऱ्या नंबरची चप्पल द्या’ म्हटलं तर स्टँडवाला तुमच्याकडे बघतच राहील. हॅश्ड टेबलला इंडेक्स नसतो आणि की युनिक असावीच लागते.

आता अपेंडचा अर्थ आहे ‘इंडेक्सप्रमाणे शेवटी जोड’. तो इंडेक्स असलेल्या टेबलांनाच लागू, म्हणजे स्टँडर्ड आणि सॉर्टेड. हॅश्डवर अपेंड लिहिलंत तर कोड अ‍ॅक्टिव्हेटच होणार नाही. ‘इन्सर्ट … इन्टू टेबल’ मात्र तिन्ही जातींवर चालतं आणि प्रत्येक टेबलच्या स्वभावाप्रमाणे ओळ योग्य जागी ठेवतं.

इन्सर्टचा तिसरा अवतार म्हणजे ‘इन्सर्ट एलएस_बिल इन्टू एलटी_बिल इंडेक्स ३’. तिसऱ्या जागी नवी ओळ, जुनी तिसरी आता चौथी. टेबलात पाच ओळी असताना इंडेक्स ६ दिलात तर ओळ शेवटी जोडली जाते. ७ दिलात तर काहीच होत नाही, सबआरसी ४ येतो. शून्य दिलात तर थेट डंप.

सॉर्टेड टेबलवर अपेंड चाचणीत चाललं, प्रॉडक्शनला डंप पडला. असं कसं?

कारण चाचणीचा डेटा आधीच क्रमाने लावलेला होता. सॉर्टेड टेबलवर अपेंडला मनाई नाही. शेवटी जोडलेली ओळ क्रमात बसत असेल तर तो मुकाट्याने घेतो. १००१, १००२, १००३ आली, सगळं छान. मग प्रॉडक्शनमध्ये कोणीतरी जुनं बिल ९९८ पुन्हा उघडलं, ते शेवटी आलं, क्रम मोडला आणि प्रोग्राम आडवा. एसटी२२ मध्ये, म्हणजे डंप बघायच्या स्क्रीनवर, ‘आयटॅब इल्लीगल सॉर्ट ऑर्डर’ दिसेल. हा डंप ट्राय-कॅचने पकडता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सॉर्टेड टेबलवर अपेंड लिहूच नका. इन्सर्ट इन्टू टेबल लिहा आणि झोपा.

ओळ खरंच गेली की नाही हे कसं तपासायचं?

इन्सर्टनंतर एसवाय-सबआरसी बघा. ० असेल तर गेली. ४ असेल तर युनिक की आधीच हजर होती आणि नवी ओळ घेतली नाही. जुनी ओळ तशीच राहते, तिच्यावर नवी ओळ लिहिली जात नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘तीच की आली तर अपडेट होईल’ अशी अनेकांची समजूत असते. अपडेट हवं असेल तर मॉडिफाय टेबल.

अपेंडनंतर मात्र सबआरसी तपासण्यात अर्थ नाही. अपेंड त्याला हातच लावत नाही. तिथे जो आकडा दिसतो तो आधीच्या कुठल्यातरी वाक्याचा उरलेला असतो. तरी कोड रिव्ह्यूमध्ये ‘अपेंड, मग इफ एसवाय-सबआरसी’ महिन्यातून एकदा तरी सापडतंच.

आणि एकेक ओळ न टाकता ‘इन्सर्ट लाइन्स ऑफ’ ने घाऊक टाकल्या, तर मुख्य युनिक की दोनदा आल्यावर सबआरसी ४ वगैरे नाही, सरळ डंप. डेटाबेसमधून थेट हॅश्ड टेबलमध्ये सिलेक्ट करतानाही तेच. की दुहेरी येऊ शकते अशी शंका असेल तर लूप लावून एकेक इन्सर्ट करा, नाहीतर आधी स्टँडर्ड टेबलमध्ये घ्या, सॉर्ट करा, ‘डिलीट अ‍ॅडजेसंट डुप्लिकेट्स’ चालवा आणि मग हलवा. ते वाक्य फक्त शेजारच्या दुहेरी ओळी काढतं, म्हणून सॉर्ट आधीच हवा, त्याच फील्डवर हवा.

मागच्या ओळीतली किंमत पुढच्या ओळीत कशी काय आली?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे.

नोकरीतलं दुसरं वर्ष. एका कारखान्याचा बिलांचा रिपोर्ट माझ्याकडे होता. महिनाअखेर, रात्री नऊला त्यांच्या अकाउंट्समधून फोन: “साहेब, ज्या गिऱ्हाइकांना आम्ही कधी सूट देत नाही, त्यांच्या नावावर सूट दिसतेय.” रिपोर्ट उघडला. पहिलं बिल १२,४०० रुपयांचं, सूट ६२०, बरोबर. दुसरं ८,१५० चं, सूट ६२०. तिसरं ३,००० चं, सूट ६२०. चौथ्याला खरोखर सूट होती, १५०. मग पाचव्यापासून पुढे सगळीकडे १५०.

कोड असा होता:

लूप अ‍ॅट एलटी_मूळ इन्टू एलएस_मूळ.
  एलएस_बिल-क्रमांक = एलएस_मूळ-क्रमांक.
  एलएस_बिल-रक्कम = एलएस_मूळ-रक्कम.
  इफ एलएस_मूळ-सवलत = ‘होय’.
    एलएस_बिल-सूट = एलएस_मूळ-सूट.
  एंडइफ.
  अपेंड एलएस_बिल टू एलटी_बिल.
एंडलूप.

अपेंड वर्क एरियाची नक्कल टेबलमध्ये ठेवतो, वर्क एरिया पुसत नाही. सवलत नसलेल्या बिलाला सूट हे फील्ड कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे मागची किंमत तशीच बसून राहते. लूपच्या पहिल्या ओळीला ‘क्लिअर एलएस_बिल’ एवढं हवं होतं. ते सापडायला मला पहाटेचे तीन वाजले, कारण मी अडीच वाजेपर्यंत डेटाबेसवर संशय घेत होतो.

सवलत नसलेल्या बिलाची ओळ आज वर्क एरियाशिवायच लिहिता येते:

अपेंड व्हॅल्यू #( क्रमांक = एलएस_मूळ-क्रमांक रक्कम = एलएस_मूळ-रक्कम ) टू एलटी_बिल.

व्हॅल्यू दरवेळी कोरी ओळ बनवतो, न भरलेलं फील्ड रिकामंच राहतं. ही सोय ७.४० पासून आली, म्हणजे २०१३ पासून. तुमची सिस्टीम त्याहून जुनी असेल तर क्लिअर विसरू नका.

दुसरा पर्याय ‘अपेंड इनिशियल लाइन टू एलटी_बिल असाइनिंग’ आणि पुढे फील्ड सिम्बॉल, म्हणजे टेबलमधल्या ओळीलाच दिलेलं तात्पुरतं नाव. यात टेबलमध्ये आधी कोरी ओळ तयार होते आणि तुम्ही थेट त्या ओळीतच लिहिता, नक्कल होत नाही. ओळ रुंद असेल, शंभर-दीडशे फील्डांची, तर हे बरं पडतं. पण स्टँडर्ड टेबलवरच. सॉर्टेड टेबलमध्ये की फील्ड नंतर बदलता येत नाहीत, आणि कोरी ओळ क्रमात बसेलच असं नाही.

व्हॅल्यूने ओळ टाकली आणि आधीच्या सगळ्या गायब!

तुम्ही हे लिहिलं असणार:

एलटी_बिल = व्हॅल्यू #( ( क्रमांक = १००४ ) ).

डाव्या बाजूला टेबल, मध्ये बरोबरचं चिन्ह. म्हणजे ओळ टाकलीच नाहीत, अख्खं टेबल नवं दिलंत. जुन्या ओळी राखायच्या तर ‘बेस’ हवा:

एलटी_बिल = व्हॅल्यू #( बेस एलटी_बिल ( क्रमांक = १००४ ) ).

एकच ओळ टाकायची असेल तर ‘अपेंड व्हॅल्यू’ च वाचायला सोपं. बेस मी तेव्हा वापरतो जेव्हा तीन-चार ओळी एकदम टाकायच्या असतात किंवा ‘लाइन्स ऑफ’ ने दुसरं टेबल मध्ये ओतायचं असतं. बेसचं वाक्य त्याच टेबलवरच्या लूपमध्ये मात्र लिहू नका. लूप चालू असताना टेबलचं अख्खं अंग बदलणं एबॅपला चालत नाही.

ज्या टेबलवर लूप चालू आहे त्यातच अपेंड केलं तर?

चालतं, आणि तोच धोका आहे. शेवटी जोडलेली ओळ त्याच लूपमध्ये पुढे हजर होते. तिच्यासाठी पुन्हा अपेंड, ती पुन्हा हजर. मारुतीच्या शेपटीसारखं वाढतच जातं. स्क्रीनवर चालवत असाल तर काही मिनिटांनी टाइम-आउटचा डंप सुटका करतो. बॅकग्राउंड जॉबला अशी वेळमर्यादा नसते. तो मेमरी संपेपर्यंत खात राहतो आणि सकाळी बेसिसवाल्यांचा, म्हणजे सिस्टीम सांभाळणाऱ्यांचा, फोन येतो. नव्या ओळी वेगळ्या टेबलमध्ये गोळा करा, लूप संपल्यावर ‘अपेंड लाइन्स ऑफ एलटी_नवं टू एलटी_बिल’.

वेगळ्या टेबलमध्ये टाकतानाही एक खाच आहे. अपेंड एसवाय-टॅबिक्समध्ये नव्या ओळीचा नंबर लिहितो. लूपही चालू ओळीचा नंबर तिथेच ठेवतो. म्हणजे लूपच्या सातव्या फेरीत दुसऱ्या टेबलला पहिली ओळ अपेंड केलीत की टॅबिक्स ७ चा १ झाला. त्याखाली ‘मॉडिफाय एलटी_बिल … इंडेक्स एसवाय-टॅबिक्स’ असेल तर सातवीऐवजी पहिली ओळ बदलते. डंप नाही, वॉर्निंग नाही, नुसती चुकीची ओळ. लूपच्या सुरुवातीलाच टॅबिक्स स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या, किंवा फील्ड सिम्बॉलवर लूप लावा म्हणजे इंडेक्सची गरजच उरत नाही.

ओळ डिबगरमध्ये समोर दिसतेय, तरी रीड टेबलला सापडत नाही.

रीडमध्ये ‘बायनरी सर्च’ लिहिलंय का? मग बहुतेक सॉर्टनंतर कुठेतरी अपेंड झालंय. बायनरी सर्च टेबल क्रमाने आहे असं धरून मध्ये उडी मारतो, खात्री करत नाही. शेवटी टांगलेली ओळ त्याला दिसेल किंवा दिसणार नाही, नशिबावर. एका अपेंडमागे एक सॉर्ट हा उपाय नव्हे, दोन लाख ओळींवर तसं केलंत तर युजर जेवून येईल तरी रिपोर्ट संपणार नाही. भरणं आणि वाचणं वेगळं ठेवता येत असेल तर आधी सगळं भरा, एकदा सॉर्ट करा, मग वाचा. दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असेल तर सॉर्टेड किंवा हॅश्ड टेबल घ्या, बायनरी सर्च हा शब्दच कोडमधून जाईल.

कलेक्ट म्हणजे अपेंडच ना?

पहिल्यांदा. की नवी असेल तर ओळ जोडतो, आधीची असेल तर आकड्यांची फील्ड त्या ओळीत मिळवतो. ग्राहकवार बेरीज हवी असेल तर फार कामाचा.

पण स्टँडर्ड टेबलला तुम्ही की सांगितली नसेल तर तो डिफॉल्ट की घेतो, म्हणजे अक्षरी स्वरूपाची सगळी फील्ड. आकडी फील्ड कीच्या बाहेर. मी पाहिलेली गंमत: बिलातला आयटम क्रमांक कोणीतरी पूर्णांक म्हणून घोषित केला होता. आयटम १० आणि आयटम २० कलेक्ट झाले आणि रिपोर्टवर आयटम ३० उगवला, जो बिलात नव्हताच. तारीख अक्षरी प्रकारात मोडते, ती कीमध्ये जाते, म्हणून महिन्याची बेरीज मागितली तर रोजची मिळते. कलेक्टसाठी युनिक की ठरवून दिलेलं हॅश्ड टेबल वापरा.

सिलेक्टने थेट जुन्या ओळींमागे टाकता येतं का?

येतं. ‘इन्टू टेबल’ ऐवजी ‘अपेंडिंग टेबल’. इन्टू टेबल आधीचं सगळं पुसतं, काहीच मिळालं नाही तरी पुसतं. सिलेक्ट-एंडसिलेक्ट लावून आत अपेंड करणं ही जुनी सवय. गाळणी डेटाबेसमध्येच लावता येत असेल तर ती सोडा.

‘फॉर ऑल एंट्रीज’ वापरताना दोन गोष्टी. आधारचं टेबल रिकामं असेल तर अख्खी व्हेअरची अट दुर्लक्षित होते आणि सगळ्या ओळी तुमच्या टेबलमध्ये येऊन पडतात. आधी रिकामं आहे का ते तपासा. दुसरं, निकालातल्या हुबेहूब सारख्या ओळी एकच करून मिळतात. फक्त ग्राहक आणि रक्कम मागितली आणि एकाच ग्राहकाची ५०० ची दोन बिलं असली तर तुम्हाला एकच ५०० दिसेल. बिल क्रमांकही मागवून घ्या.

जुन्या प्रोग्राममध्ये नुसतंच ‘अपेंड एलटी_बिल.’ लिहिलंय. वर्क एरिया कुठे गेली?

टेबलच्या पोटात. त्याला हेडर लाइन म्हणतात: टेबल आणि त्याची एक ओळीची वर्क एरिया, दोघांचं नाव एकच. सॅपची आर/३ ही पिढी आली १९९२ मध्ये. त्या पिढीचा कोड आजही आपल्याकडच्या सपोर्ट प्रोजेक्टांत धडधडीत चालू आहे, त्यामुळे ‘ऑकर्स’ (असं टेबल घोषित करायचा जुना शब्द) आणि हेडर लाइन वाचता यावीच लागते. ‘क्लिअर एलटी_बिल’ अशा ठिकाणी फक्त हेडर पुसतं, टेबल नाही. टेबल पुसायला नावापुढे चौकटी कंस लागतात. क्लासमध्ये हेडर लाइनला परवानगीच नाही, आणि ते बरंच आहे.

इनिशियल साइज १०० दिली तर १०१ वी ओळ नाकारली जाईल?

नाही. तो पहिल्या मेमरी ब्लॉकसाठी दिलेला अंदाज आहे, मर्यादा नव्हे. अपवाद ‘अपेंड … सॉर्टेड बाय’ चा. ते वाक्य तेवढ्याच ओळी ठेवतं, उतरत्या क्रमाने, खालची ओळ काढून टाकतं. पहिले पाच ग्राहक काढायला लोक ते वापरायचे. आता सगळं भरा, सॉर्ट डिसेंडिंग करा, सहावीपासून पुढच्या ओळी डिलीट करा.

किती ओळी मावतात?

इंडेक्स चार बाइटचा पूर्णांक असल्याने २ अब्ज १४ कोटींच्या पुढे नाहीच, पण तिथवर कोणी पोचत नाही. त्याच्या कितीतरी आधी मेमरी संपून डंप पडतो. ओळीची रुंदी गुणिले ओळींची संख्या हा हिशेब एकदा कागदावर करा: ५०० बाइटची ओळ, वीस लाख ओळी, म्हणजे १०० कोटी बाइट, साधारण एक जीबी, तेही एका टेबलचे. लागतील तेवढीच फील्ड घ्या, ‘पॅकेज साइज’ लावून तुकड्या-तुकड्यांनी सिलेक्ट करा, काम झालेलं टेबल ‘फ्री’ करा. एक टेबल दुसऱ्याला बरोबरच्या चिन्हाने दिलंत तर साध्या ओळींच्या बाबतीत लगेच दुप्पट जागा लागत नाही. दोन्ही नावं एकाच साठ्याकडे बोट दाखवतात. त्यातल्या एकात पहिली ओळ टाकली किंवा बदलली की मात्र खरी नक्कल होते, आणि मेमरीचा आलेख तिथे उडी मारतो. डंप ज्या ओळीवर पडलाय ती बहुतेक एखादी निरुपद्रवी अपेंड असते. खरं कारण चार पानं वर, ती नक्कल घेतली तिथे असू शकतं.